म्हातारीच्या पोटातला कान

मगरीच्या कुळाचे, दोन घोंगड्या अंगावर घेऊन तिसरी पाहुण्यासाठी खुंटीला ठेवणारे आमचे मामा मोखेथी यांना भाचा त्सेलिसो खाणीतून वर येऊन, हातपाय धुऊन, गुडघे टेकून नमस्कार करतो. तुमच्या दारी शांती असो, पाऊस असो, कणगीत ज्वारी असो. (तिन्ही एकदम मागणं जास्त वाटत असेल तर आधी पाऊस मागून घ्या, बाकीच्यांचं बघू.) तुमचा गुडघा कसा आहे? मालिनेओ मामीचा खोकला गेला का, की अजून ती खोकली की शेजारची कुत्री भुंकतात? पाद्रीबाबांना चावलेल्या करड्या घोड्याला काही पश्चात्ताप झाला का? पाद्रीबाबांचं विचारत नाही, ते बरे असणार. त्यांच्यासाठी प्रार्थना करायला ते स्वतःच आहेत.

इकडे मी ठीक आहे. तुमचा मोकेतेही ठीक आहे. म्हणजे हात, पाय, दात आणि भूक, सगळं आपापल्या जागी आहे, फक्त मध्यंतरी तो माझ्याशी बोलत नव्हता. ते का, हे सांगायलाच हे पत्र. बसमध्ये चढताना तुम्ही माझा कान धरून म्हणाला होतात, "त्सेलिसो, पोरगा जसा नेतोयस तसाच्या तसा परत आण, नाहीतर तूही येऊ नकोस." ते मी विसरलेलो नाही. मामा, थंडीत तो कान अजून ठणकतो.

तुम्ही मागच्या पत्रात विचारलंत, की मी हल्ली नक्की काय करतो, कारण गावात दोन तट पडलेत: एक म्हणतो मी भूकंप थांबवतो, दुसरा म्हणतो मी भूकंप करतो. दोन्ही तटांना थोडं थोडं सांभाळून घ्या. मी आधी फावडं मारत होतो ते तुम्हाला माहीतच आहे. मग खाणीतल्या छोट्या रेल्वेगाडीवर गेलो. (ती रुळावरून उतरली तेव्हा मी तिच्यावर नव्हतो, हाच माझा गुन्हा.) मग वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेलो. तिथं मक्याचं पीठ ढवळायला वल्ह्याएवढी लाकडी पळी असते. तिला टेकून मी उभ्या उभ्या झोपलो आणि पीठ करपलं, असं आचारी म्हणतो. माझं असं आहे, मामा, की एका जागी फार दिवस राहिलो की माझे तळपाय खाजायला लागतात. अशात फलकावर नोटीस लागली: भूकंपाच्या खात्यात मदतनीस पाहिजे, अंगानं बारीक, यंत्रांची माहिती असलेला. बारीक तर मी आहेच. यंत्रांचं विचारलं तेव्हा मी सांगितलं, की आमच्या मामांचा रेडिओ मीच दुरुस्त केला. (त्यानंतर तो कधी बोलला नाही, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.)

आता हे खातं काय करतं ते ऐका. आमची सोन्याची खाण तीन किलोमीटरहून खोल आहे. तुमच्या दारातून दिसणारा डोंगर उलटा करून जमिनीत खुपसला आणि त्याच्यावर आणखी एक खुपसला, तर कदाचित तळाला टेकेल. तिथला दगड तव्यासारखा गरम. इतक्या खोल इतकी माणसं इतकी वर्षं उकरतायत म्हटल्यावर वरचा डोंगर मध्ये मध्ये कूस बदलणारच. कुरकुरतो, कडाडतो, आणि एखाद्या वेळी एकदम खाली बसतो. त्याची प्रत्येक कुरकुर ऐकायची म्हणून दगडात लांब भोकं पाडून त्यात यंत्रं बसवलीत. त्यांना आम्ही 'कान' म्हणतो. कानाची तार वर ऑफिसात जाते आणि तिथं पडद्यावर रेघा उठतात. मी कान पाठीवर बांधून सरपटत जायचं, भोकात घालायचा, वर रबरी बूच ठोकायचं. ऐकायचं काम डॉक्टर हायाशिदा बाईंचं. बाई थेट जपानहून आल्यात. त्यांच्या देशात भूकंप पाहिजे तेवढे, पण कुठं होणार हे आधी कळत नाही. आमच्या इथं कुठं उकरतोय ते माहीत, म्हणजे भूकंप साधारण कुठं होणार तेही माहीत, म्हणून बाई त्याच्या उशाशी येऊन बसल्यात. उंचीनं माझ्या खांद्याएवढ्या, डोक्यावरचा टोप भुवयांवर उतरतो. आपल्या भाषेतले सगळे नमस्कार त्यांनी पाठ केलेत, पण निरोप घ्यायचं कुणी शिकवलं नाही, त्यामुळे त्यांच्याशी बोलणं सुरू झालं की संपत नाही.

एक गोष्ट मात्र गावात नीट समजावून सांगा. आमच्या खाणीत भूकंप होत नाहीत. तो शब्दच मना आहे. इथं 'घटना' घडते. दगड कडाडला, घटना. छत खाली आलं, मोठी घटना. माणसं खाली असताना छत आलं तर ती 'खेदजनक घटना', आणि त्या दिवशी कॅन्टीनमध्ये फुकट चहा. भूकंप म्हटलं की शहरात बसलेल्या भागधारकांच्या छातीत धडधडतं म्हणे. एकदा जेवणाच्या रांगेत मी मोठ्यानं म्हणालो, "काल काय भूकंप झाला, माझा डबा उडाला!" तर सुरक्षा-अधिकाऱ्यानं मला बाजूला घेतलं आणि सबंध दुपार शिकवणीला बसवलं. शिकवणीच्या शेवटी माझ्याकडून म्हणवून घेतलं: "काल घटना घडली, तीत माझा डबा सहभागी झाला."

आमचे मोठे साहेब फान टोंडर. माणूस वाईट नाही. दर महिन्याला स्वतःच्या हातानं निखाऱ्यावर मांस भाजून सगळ्यांना वाढतो, आणि वाढताना पोरांच्या बायकामुलांची नावं घेऊन चौकशी करतो. (नावं चुकतात, पण घेतो.) त्याचं दुखणं एवढंच, की त्याला रोज सकाळी वरून फोन येतो आणि त्या फोनला एकच प्रश्न येतो: आज सोनं किती? त्यामुळे त्याला जमिनीचं काही ऐकू येत नाही. त्या कानाला फोन असतो. बैठकीत मी नकाशे धरून उभा राहतो, म्हणून बाईंचं आणि त्याचं बोलणं मी स्वतः ऐकलंय. विषय असायचा बत्तीस पूर्व. ही खाणीतली एक आडवी कपार, इतकी बुटकी की पोटावर पडून काम करायचं. आमची पोरं तिला म्हातारी म्हणतात, कारण कुठंही हात लावला की कण्हते. आणि मामा, तिच्याच पोटात सेबोको मुकादमाच्या टोळीत तुमचा मोकेते काम करत होता.

बाई म्हणाल्या, "साहेब, बत्तीस पूर्वमधून माणसं काढा. ती गप्प झालीये."

साहेब म्हणाला, "गप्प झाली? मग छानच की!"

"छान नाही. आधी रोज कुरकुरायची, म्हणजे ताण थोडा थोडा सुटत होता. आता सुटत नाहीये. आत साठतोय."

"बाई, मागं ती कुरकुरत होती तेव्हा तुम्ही म्हणालात, वाईट. आता गप्प आहे, तरी वाईट. त्या बिचाऱ्या दगडानं तुम्हाला खूश करायला नेमकं करावं तरी काय?"

यावर सगळे हसले. मीही हसलो, कारण नकाशे धरणाऱ्यानं बैठकीबरोबर हसायचं असतं. मग बिस्किटं आली. बाईंनी त्या दिवशी बिस्किट घेतलं नाही, रेघांचा कागद घडी घालून खिशात ठेवला, आणि जाताना मला म्हणाल्या, "त्सेलिसो, म्हातारीच्या अगदी पोटात एक नवा कान बसवू या. जवळून ऐकलेलं तरी साहेब मानेल." असं म्हणणाऱ्या बाईला साहेब कळलेला नव्हता, पण मी कोण सांगणार.

तर मी नवा कान पाठीवर घेऊन म्हातारीच्या पोटात गेलो आणि तिथं सेबोको मुकादम आडवा पडला. (तिथं उभं राहता येत नाही, म्हणून अडवायचं असलं तरी आडवंच पडावं लागतं.) म्हणाला, "पोरा, हे काय घालतोस तिच्या पोटात?"

"कान."

"तिला सांगितलंस?"

"कुणाला?"

"जमिनीला. पितरांना. गुरांचा वाडा बांधायचा तरी आपण आधी जमिनीवर दारू ओततो की नाही? आणि इथं न विचारता तिच्या पोटात परका कान घालणार? मग ती त्या कानाला खरं सांगेल होय? कोण सांगेल? तुझ्या पोटात कुणी कान घातला तर तू खरं सांगशील?"

मी विचार केला. नसतं सांगितलं.

"ओतल्याशिवाय इथं कुणी हत्याराला हात लावणार नाही," असं सेबोको म्हणाला आणि टोळीतले बाकीचे "हां!" म्हणाले. त्यात तुमच्या मोकेतेचं "हां" सगळ्यांत मोठं होतं. वर आणखी म्हणाला, "दादा, आईनं दिलेलं विरजण आहे की तुझ्या पेटीत! दुकानातलं पातळ पाणी पितरांना चालणार नाही."

मामा, खरंय ते. मागच्या सुट्टीला मामीनं मला फडक्यात बांधून ज्वारीच्या दारूचं विरजण दिलं होतं, आणि मामीच्या विरजणाबद्दल मी तुम्हाला काय सांगावं! मोकेतेच्या वयाची पोरं डोंगरातून पुरुषपणाची दीक्षा घेऊन परत आली त्या दिवशी तिच्या दारूनं रांजण फुटला आणि खापर लागून तुमच्या मेहुण्याच्या टोपीला भोक पडलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आता खाली दारू नेणं म्हणजे नोकरी गेलीच. पण आंबील न्यायला मुभा आहे, सगळेच नेतात. मी ज्वारीचं पीठ कोमट पाण्यात कालवलं, त्यात मोड आणून दळलेल्या ज्वारीचा माल्ट टाकला, मामीचं फडकं आत सोडलं आणि कॅन घेऊन फाटकावर गेलो. पहारेकऱ्यानं मला नळीत फुंकायला लावलं. मी स्वच्छ निघालो. कॅनला कुणी फुंकायला लावलं नाही. फाटकातून आत गेली ती आंबील होती, मामा, मी कुळाची शपथ घेऊन सांगतो. पुढं तिनं जन्मात काय करायचं ते तिचं तिनं ठरवलं.

ठरलं होतं घोटभर ओतायचं. पण म्हातारीच्या पोटात सगळे पालथे पडलेले, सेबोको पितरांची नावं घेतोय, त्याचे पितर पुष्कळ, मोकेतेनं कॅन धरलेला, आणि तेवढ्यात मागून बाईंच्या टोपाचा दिवा दिसला. मोकेते घाबरला. सगळा कॅन भोकात. फडक्यासकट. मी घाईनं वरून कान घातला, बूच ठोकलं आणि बाईंना आपला लांबच्या लांब नमस्कार घातला, म्हणजे वास येऊ नये म्हणून तोंड माझ्याकडेच राहावं. बाईंनी नमस्कार पूर्ण केला, नाकानं दोनदा हुंगलं आणि म्हणाल्या, "इथं उकडतंय, नाही?" मी म्हटलं, "फार."

आता मामी दारू करते तेव्हा रांजणाला घोंगडी गुंडाळते ना, ऊब राहावी म्हणून? म्हातारीच्या पोटात घोंगडी लागत नाही. दगडच शेगडी. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पडद्यावर जे काही उठलं ते मी जन्मात पाहिलेलं नाही. सरळ रेघ म्हणून नाहीच, नुसता साळिंदर! बुडबुड, बुडबुड, बुडबुड, आणि कानाला वाटतंय दगड फुटतोय. त्यात झालंय असं, की साहेबानं मागं वरच्या लोकांना खूश करायला एक नियम स्वतः सही करून भिंतीवर चौकटीत लावला होता: रेघा लाल खुणेच्या वर गेल्या की माणसं बाहेर, कुणालाही न विचारता. खाली त्याचा हसरा फोटो. रेघा तिथवर कधी जाणारच नाहीत असा त्याचा हिशेब होता. त्यानं मामीला जमेस धरलं नव्हतं.

भोंगा वाजला. म्हातारी रिकामी झाली. आणि मग माझे हाल सुरू झाले. काम बंद म्हणजे टोळीचा बोनस बंद. सेबोको जेवणाच्या रांगेत मला बघून दुसरीकडे थुंकायला लागला. कुणी म्हणे, "काय रे कानवाल्या, पितरांना पाजलीस तेवढी आम्हाला पाजली असतीस तर?" दुसरा म्हणे, "याच्या मामीला खाणीत मुकादम करा, एका कॅनमध्ये बंद पाडते!" आणि मोकेतेनं तर बोलणंच टाकलं. माझी घोंगडी पलंगावरून काढून कुठंतरी लपवली. त्याला तुमच्या घरावर नवे पत्रे घालायचेत, मामा. ते त्यानं तुम्हाला सांगितलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही. शेवटी तो एकदाच बोलला, तेही भिंतीकडे बघून. "दादा, तू साहेबाला जाऊन सांग की ती दारू आहे. नाहीतर मी सांगतो. दगड शांत आहे आणि आम्ही इथं बसून माशा मारतोय."

काय करणार? बुडबुडे माझे, पण पत्रे त्याचे. मी गेलो. सेबोकोची टोळी माझ्यामागोमाग निघाली, बूट घालून, टोपाचे दिवे लावून, थेट खाली नेणाऱ्या पिंजऱ्याच्या दाराशी जाऊन उभी. साहेब हो म्हणाला की लगेच उतरायचं. मोकेते सगळ्यांत पुढं. मी साहेबाच्या खोलीत शिरलो तर बाईही तिथंच होत्या, रेघांचा कागद मांडीवर घेऊन. मी टोपी काढली. आता मामा, तुम्हीच मला शिकवलंत, की माणसाकडे गेलं की एकदम मुद्द्यावर येणं म्हणजे त्याच्या अंगावर कुत्रं सोडणं. मी म्हटलं, "साहेब, नमस्कार. आपण बरे उठलात?"

"बरा उठलो. काय काम?"

"घरचे बरे उठले?"

"उठले. त्सेलिसो, काय ते सांग."

"सांगतो ना साहेब. तुमच्याकडे पाऊस?"

"अरे, तुझ्या डोक्यावर पडतो तोच माझ्या डोक्यावर पडतो! मुद्द्यावर ये!"

"येतोच आहे. आईंची कंबर..."

आईंची कंबर तिथंच राहिली. आधी चहाचा कप आपणहून टेबलावरून चालायला लागला. मग खालून असा आवाज आला, की जमिनीखाली कुणी कणगी उलटी केली. भिंतीवरची चौकट हसऱ्या फोटोसकट खाली आली. बाई टेबलाखाली गेल्या, साहेब बाईंच्या वर गेला, आणि मी दारातच टोपी धरून उभा राहिलो, कारण माझं वाक्य अर्धं राहिलं होतं.

म्हातारी बसली, मामा. छत आणि जमीन एकमेकांना भेटली. नंतर मी सरपटत पाहायला गेलो, तर सरपटायला जागाच नव्हती. जिथं मोकेते पालथा पडून कॅन धरून होता, तिथं आता बोट जाणार नाही.

पिंजऱ्याच्या दाराशी टोळी तशीच उभी होती, दिवे लावलेले, उजेडात. मग सेबोको म्हणाला, "पोरा, सांगितलंस का साहेबाला?" मी म्हटलं, "कुठं? नमस्कारच संपला नव्हता." तो खाली बसला आणि हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या नाकातून पाणी यायला लागलं. मोकेते टोपाचा दिवा विझवून निघून गेला. पण त्या दिवशी मी खोलीवर आलो तर माझी घोंगडी पलंगावर होती. घडी घातलेली. तुमच्या मुलानं जन्मात कधी कशाची घडी घातलीय का, मामीला विचारा.

पुढं काय झालं ते थोडक्यात. साहेबाला वरून पितळी फलक मिळाला. त्याच्यावर लिहिलंय: 'सुरक्षेच्या संस्कृतीबद्दल.' भाषणात तो म्हणाला, की मी नेहमीच जमिनीचं ऐकत आलो आहे. बाईंना दूरच्या गावी मोठ्या सभेत बोलायला बोलावलंय. टोळीनं पितरांसाठी मेंढी कापली आणि तिचं डोकं मला दिलं. कंपनीनं सगळ्यांना सदरे वाटले, माझा एवढा मोठा आहे की त्यात मी आणि बाई दोघं राहू. ती घटना मात्र 'खेदजनक' या सदरात बसली नाही, कारण आत कुणी नव्हतं आणि बाहेर कुणाला काही झालं नाही. म्हणून तिला 'यशस्वी घटना' असं नाव दिलंय. जणू म्हातारीनं परीक्षा दिली होती.

इथं पत्र संपवलं असतं तर बरं दिसलं असतं. पण साहेबाला फोन येतोच आहे. म्हातारीच्या शेजारी दुसरी कपार उघडतायत, पोरांनी तिचं नाव धाकटी ठेवलंय. पुढच्या महिन्यात तिथं सेबोकोची टोळी उतरणार, आणि टोळीत मोकेते आहेच. धाकटीत कान बसवला. ती गप्प आहे. बाई म्हणतात हे तसलंच गप्प आहे. साहेब फलकाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "बाई, खरा धोका असला की ती ओरडते, हे आपण पाहिलंय. तुमच्याच रेघा आहेत." बिस्किटं येतात. मोकेतेला मी म्हटलं, दुसऱ्या टोळीत जा. तो म्हणतो, "सेबोको जाईल तिथं मी. आणि तू आहेस की ऐकायला."

तर असं आहे. मामीला नमस्कार, घोड्याला सांभाळा, गुडघ्याला मेंढीची चरबी चोळा. तुमच्या धुराड्यातला धूर सरळ वर जावो आणि वारा आला तर शेजाऱ्याकडे जावो.

तुमचा, अजून दोन्ही कान जागेवर असलेला भाचा,
त्सेलिसो

ता. क. तुमचा रेडिओ इतर कुणाला उघडू देऊ नका. आता मला यंत्रांचा चांगला अनुभव आलाय.

ता. क. दुसरा. इथून खालचं मोठ्यानं वाचू नका; ओट्यावर पाद्रीबाबा ऐकत बसले असतील तर त्यांना घोडा दाखवा. मामा, मामीकडून विरजणाचं एक फडकं घेऊन बसच्या ड्रायव्हरकडे लवकरात लवकर पाठवा. ओलं राहील असं बांधा. कशाला ते तिला सांगू नका, पितरांसाठी म्हणा, ते खोटं नाही. दुकानातल्या दारूच्या पाकिटाची पूड मी पाण्यात कालवून धाकटीच्या भोकात ओतून पाहिली. कानाला दोन उचक्या ऐकू आल्या आणि पुन्हा गप्प.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार, एवढ्यात बाईंनी बोलावलं, म्हणून ते पुन्हा उघडलं. आज त्या माझ्याबरोबर सरपटत धाकटीच्या पोटात आल्या. बूच काढलं, भोकाला नाक लावलं आणि म्हणाल्या, "हे दुकानातलं आहे. पहिलं फार चांगलं होतं." माझा टोप छताला आपटला. बाईंच्या आजोबांचा तांदळाची दारू गाळायचा धंदा होता म्हणे. त्यांच्या गावी घर बांधायला पहिली कुदळ मारायची तरी आधी जमिनीला पाजतात. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणाल्या, "दगड इतक्या ठेक्यात ढेकर देत नाही, त्सेलिसो." मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?" तर म्हणाल्या, "किती दिवस खऱ्या रेघा दाखवत होते, साहेब घड्याळ बघायचा. म्हटलं, आज माणसं बाहेर राहू देत, उद्या सांगते. रोज उद्याच म्हणत राहिले." सभेत वाचायच्या कागदातून त्यांनी सगळे बुडबुडे वेचून काढून टाकलेत. साहेबानं भिंतीवर लावलेल्या रेघांतले तेवढे ठेवलेत. धाकटीचं त्या रोज ऐकतायत, रोज साहेबाला सांगतायत, आणि साहेबाला त्यांचं ऐकू येत नाही. त्याला फक्त मामीचंच ऐकू येतं. तेव्हा मामा, मोकेते खाली उतरायच्या आत फडकं पाठवा, आणि बाईंचा निरोप आहे: या खेपेला मामीनं जरा जहाल करावं.